भांड्यांच्या दुकानाचा बॅनर

इतवारीच्या बाजारात आम्ही भांड्यांचं दुकान टाकलं, त्या वर्षी मी सतत धास्तावलेली असायचे. लग्नसराई तोंडावर आली तरी गिऱ्हाईक शेजारच्या जुन्या दुकानातच शिरायचं. शेवटी आमच्या यांनी पैसे देऊन गल्लीच्या तोंडाशी दुकानाच्या नावाचा भला मोठा कापडी बॅनर टांगला. लोक मान वर करून तो वाचत आणि शेजारी जात.

एका दुपारी रामटेककडची एक बाई दारात येऊन थबकली. तिच्या बहिणीने आमच्याकडून पाणी भरायचा पितळी गुंड नेला होता, तिनेच हिला पाठवलं होतं.

"मग आत या ना," मी म्हटलं.

"येतो वं बाई, पण आंधी खरं सांग. दुकान बंद करून राहिले का तुम्ही?"

"काहून?" माझा आवाज चढला.

"चांगल्या दुकानाचं नाव लोकच सांगते. एवढं मोठं फडकं तर माल काढून टाकाचा असला का लावते."

तिने गुंड वाजवून पाहिला, घेतला आणि गेली. मी यांना म्हटलं, आत्ताच्या आत्ता तो बॅनर उतरवा.

हे शिडी घेऊन दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

"उतरवला, तर लोक म्हणतील, दुकान बंदच झालं."