दोन डबे कमी

मार्चचा तिसरा शनिवार, सकाळचे साडेआठ. अमेरिकेतल्या काडतुसांच्या टंचाईचं दुसरं वर्ष. दुकान उघडायला अर्धा तास. हजर: मी, नवरा, धाकटी नणंद आणि नवऱ्याच्या ऑफिसमधले नागपूरचे भाऊजी. गाडीत: मुलगी. तिचं वय सतरा आणि काडतुसं मिळतात अठरा पूर्ण झाल्यावर, त्यामुळे रांगेत तिचा उपयोग नव्हता.

मुलगी शाळेच्या नेमबाजी संघात होती. मे महिन्यात राज्याची स्पर्धा होती आणि तिथे एका विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक मुलं पाहायला येणार होता. तिची रायफल पॉइंट बावीसची. प्रत्येक रायफलला एखाद्या लॉटची, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेली, काडतुसं मानवतात आणि दुसऱ्या लॉटची मानवत नाहीत, हे मला आधी थोतांड वाटायचं. मग मी स्वतः कागदावरची भोकं पट्टीने मोजली आणि पटलं. सरावासह स्पर्धेपर्यंत तिला एकाच लॉटचे दहा डबे हवे होते, एका डब्यात पन्नास. घरात दोन होते. त्या लॉटचा माल आल्याचं दुकानाने आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, आणि पाटी लावली होती: माणशी दोन डबे. आम्ही चार डोकी, म्हणजे आठ. हिशेब चोख जमत होता. माणशी मर्यादा म्हटली की घरातली सगळी डोकी रांगेत उभी करायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. रॉकेलच्या रांगेत मी आईबरोबर अशीच उभी राहायचे.

"वहिनी, तुम्ही तर लग्नाचं वऱ्हाडच आणलं," भाऊजी म्हणाले.

"आहेर दोन डबे. विसरू नका," मी म्हटलं.

त्या काळात मी एक वही ठेवली होती. दुकान, तारीख, भाव, आणि तो नेहमी एका काडतुसामागे काढलेला. डब्याचा भाव पाहू नये, कारण टंचाईत कंपन्या डबाच बदलतात. पन्नासचा चाळीसचा होतो आणि किंमत तीच दिसते. वहीवरून मला एवढं कळलं होतं की भाव चढतो तो एका आठवड्यात, आणि उतरतो तो टाचा घासत. सगळ्यांत आधी पिस्तुलाची साधी काडतुसं स्वस्त होतात, पॉइंट बावीस सगळ्यांत शेवटी. लोक घाबरून घेतात तेव्हा आपण घेऊ नये. उन्हाळ्यात, कोणी विचारत नाही तेव्हा, दोन हंगामांपुरतं घ्यावं आणि थांबावं. पण हे शहाणपण मला एक उन्हाळा उशिरा आलं, म्हणून ही रांग.

विश्वास मी कोणावरच ठेवत नव्हते. काउंटरवरचा माणूस "ट्रक कधी येईल सांगता येत नाही" म्हणायचा, पण मंगळवारी दुपारी मागच्या दाराशी रिकामे पुठ्ठे पडलेले असायचे. नवऱ्याने एकदा एक वेबसाइट दाखवली. आमचाच लॉट, निम्मा भाव, हवे तेवढे डबे.

"फोन नंबर आहे का?" मी विचारलं.

"ईमेल आहे."

"क्रेडिट कार्ड घेतात?"

"नाही, थेट बँकेतून पाठवायचे म्हणे. यार, तू पोलिसात का नाही गेलीस?"

"गेले असते तर तुला आधी पकडलं असतं," मी म्हटलं आणि पान बंद केलं. पंधरा दिवसांत ती साइट गायब झाली. नवऱ्याने त्यानंतर तो विषय काढला नाही.

तर शनिवार. दुकान उघडलं. मी दोन घेतले आणि लॉट नंबर तिथेच ताडून पाहिला. नवऱ्याने दोन, नणंदेने दोन. भाऊजी आमच्या मागे होते. ते काउंटरपर्यंत गेले, जरा थांबले आणि हात हलवत परत आले.

"संपले, वहिनी."

"संपले?"

"हो ना. नशीब."

त्यांनी नणंदेची पिशवी उचलून गाडीत ठेवली आणि काम आहे म्हणून निघून गेले. मी गाडीचं दार लावत होते. तेवढ्यात रांगेत त्यांच्या मागे असलेला लाल टोपीवाला माणूस बाहेर आला. त्याच्या हातात दोन डबे होते, दुकानाने या मालावर चिकटवलेल्या निळ्या पट्टीचे. आमचाच लॉट.

 कोणी किती डबे आणायचे याची मी लॅपटॉपवर एक शीट केली होती; घरी येऊन तिच्यात भाऊजींच्या नावासमोर लिहिलं: दोन, मिळाले नाहीत. पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं. ती शीट आम्ही चौघेही पाहू शकत होतो.

त्या आठवड्यात सगळंच त्या प्रश्नचिन्हाकडे बोट दाखवत होतं. रविवारी भाऊजी नेहमीसारखे चहाला आले नाहीत. मंगळवारी नणंदेने त्यांची गाडी त्याच दुकानाच्या आवारात पाहिली. "ट्रकचाच वार ना गं, वहिनी?" ती म्हणाली. बुधवारी नवरा सहज बोलून गेला की ऑफिसात कोणीतरी काडतुसं तिप्पट भावाने विकतंय.

"कोण?"

"माहीत नाही. आणि तू आता त्याचं नाव घालू नकोस."

मी नाव मनात आधीच घातलं होतं. गुरुवारी महाराष्ट्र मंडळातल्या मावशींचा हळदीकुंकवाच्या सामानासाठी फोन आला, तेव्हा मी त्यांना म्हणाले, "माणसं ओळखता येत नाहीत, मावशी. पोरीसाठी दोन डबे आणायला नेलं, तर स्वतःसाठी ठेवून घेतले." ठेवून घेतले असं मी म्हणाले. वाटतंय असं नाही. मावशी म्हणाल्या, "नागपूरचे ते? शांत दिसतात हो." आणि मग कोणत्या दिवशीची गोष्ट, तेही विचारून घेतलं. म्हणजे त्यांनी ते नीट ठेवून घेतलं होतं.

शनिवारी मी भाऊजींना पोहे खायला बोलावलं. वही टेबलावर उघडी ठेवली होती. मुलगी समोर फोन बघत होती.

"भाऊजी, मागच्या शनिवारी डबे संपले नव्हते," मी सरळ म्हटलं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "नव्हते."

"मग?"

"काउंटरवर पाटी होती, वहिनी. कोणाला विकता येत नाहीत याची. खाली बारीक अक्षरात. कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला काडतुसं घेता येत नाहीत, बाळगता येत नाहीत. काही अपवाद आहेत म्हणे, पण मी त्यात नाही."

 नवरा आणि मी नागरिक होऊन आठ वर्षं झाली होती, नणंद त्यानंतर वर्षभरात. मी माणसं मोजली होती, डबे मोजले होते, लॉट नंबर तीनदा तपासला होता. पण कोण कोणत्या कागदावर या देशात राहतो, असा रकाना माझ्या शीटमध्ये नव्हता.

"तिथेच सांगायचं ना मग!"

"रांगेत? मागे चार जण कान देऊन उभे होते. म्हटलं, संपले म्हणून मोकळं व्हावं." ते हसले, पण तेवढ्यापुरतंच. "अकरा वर्षं झाली, वहिनी, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. तुमच्या दोन डब्यांपायी ती रांग सोडू काय?"

"आणि मंगळवारी तिथे काय करत होतात?"

"बाप्पा, पाळतही ठेवली काय? त्या दुकानावर वरच्या मजल्यावर वकील बसते. विचारायला गेलो होतो की ताईंची पिशवी मी उचलली, त्याचं काही होईल का. ती म्हणाली, झालं ते झालं, पण आता असल्या कामापासून दूर राहा." मग त्यांनी आवाज खाली आणला. "शीटमधून माझं नाव काढता का? घरी बायकोला अजून काही सांगितलेलं नाही. तिला झोप लागणार नाही. आणि हे कुठे बोलू नका. ऑफिसात एकाचे ग्रीन कार्डचे कागद परत आले, तर महिनाभर सगळे त्याच्याकडे बघत होते."

मी तिथेच लॅपटॉप उघडून त्यांची ओळ काढून टाकली.

"आई, हिस्टरीमध्ये राहते ती," मुलगी मान वर न करता म्हणाली.

मग तिनेच नवी शीट करून जुनी पूर्ण काढून टाकली. भाऊजींनी पोहे संपवले. जाताना दारात म्हणाले, "दोन डबे कमी पडले, सॉरी." माफी त्यांनी मागावी, याचीच मला जास्त लाज वाटली.

मुलीचं आठ डब्यांत भागलं. सरावाला तिने दुसरा लॉट वापरला, निळ्या पट्टीचे स्पर्धेसाठी राखले आणि त्या विद्यापीठाच्या संघात जागा मिळवली. काडतुसांचा प्रश्न तिथे संपला. पुढच्या उन्हाळ्यात भाव उतरले, तेव्हा मी दोन हंगामांचा माल एकाच लॉटचा घेतला, मी आणि नवरा दोघांनीच जाऊन.

नवऱ्याला आणि नणंदेला मी पोह्यांच्या दिवशीच खरं काय ते सांगितलं होतं. दोघं रांगेत होते, त्यांना कळणं भाग होतं. नणंदेने कपाळावर हात मारला. "अगं, मीच त्यांच्या हातात पिशवी दिली की!"

राहिल्या मावशी. त्यांना नुसतं "माझी चूक झाली" म्हटलं, तर त्या विचारणार, मग ते रिकाम्या हाताने का आले? कारण सांगितलं, तर भाऊजींचे कागद मंडळाच्या स्वयंपाकघरात चर्चेला जाणार. कारण न सांगता त्या विश्वास ठेवणार नाहीत, मीही ठेवला नसता. दिवाळीच्या कार्यक्रमात पावतीपुस्तक सांभाळायला भाऊजींचं नाव सुचलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "दुसरं कोणी बघू या का?" समोर मी बसले होते. तेव्हाही मी बोलले नाही.

मावशींना काय सांगायचं, त्याची चार वाक्यं मी आजवर तीन वेळा लिहून काढली आहेत. फोन अजून केलेला नाही.