सगळ्याला हो

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याच्या मागोमाग मुंबईहून एक तज्ज्ञ आले. त्यांनी आणलेल्या टेपवरचा प्रोग्रॅम आमच्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे त्या मशीनवर चालेल असा बांधून घ्यायचा होता. त्याआधी एका फायलीत कुठले भाग हवेत ते हो-नाही लिहायचं. कशाचा काय उपयोग, तेही तिथेच लिहिलेलं.

हे गृहस्थ खानावळीत बसले की बाईंना भंडावून सोडत. "बांगड्यात काटे किती? कढीत मिरची आहे? खोबरं ओलं की सुकं?" शेवटी बाई म्हणाल्या, "जेवा ओ, सोयरीक नाय जुळवायची!"

फायलीपुढे मात्र एक अक्षर न वाचता त्यांनी सगळ्याला हो ठोकलं. मी म्हटलं, "रंगीत प्रिंटरलाही हो? तो नाहीये आमच्याकडे."

"असू दे हो. असलेलं बरं."

दिवसभर मशीन घरघरलं. संध्याकाळी प्रोग्रॅम सुरू झाला, रंगीत प्रिंटर शोधू लागला आणि तिथेच अडून बसला. तज्ज्ञांनी शांतपणे चष्मा पुसला.

"प्रोग्रॅम उत्तम आहे. तुमचं ऑफिस कमी पडतंय."

आता आमचे साहेब यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. साहेब ओशाळले आणि माझ्यावरच घसरले, "अहो, माणूस एवढा मुंबईहून आलाय! रंगीत प्रिंटर का नाही आपल्याकडे?"