दाल-पकवान नसलेला कॅम्प चार

महेंद्रला बायकोचा मत्सर वाटतो, हे विठ्ठलवाडीच्या त्यांच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त महेंद्रला ते मान्य नव्हतं. अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीतून दमून आला, तरी हा गडी चहा संपायच्या आत कागद ओढायचा आणि विज्ञानकथा लिहायला बसायचा. दिवाळी अंकांकडे पाठवलेली प्रत्येक कथा इमानेइतबारे परत यायची. आणि त्याच्या बायकोनं, यशोधरेनं, बालवाडीची पोरं सांभाळता सांभाळता आयुष्यात एक गोष्ट लिहिली, ती दोन हजार पाचच्या दिवाळीत चित्रासकट छापून आली. महेंद्रनं चाळीत पेढे वाटले, स्वतः मात्र एकही खाल्ला नाही. पोटात दुखतंय म्हणाला. तेवढं खरं होतं.

पुढच्या वर्षी बदलापूरच्या एका वाचनालयानं कथास्पर्धा काढली: इतिहास वेगळा घडला असता, तर आज काय असतं? यशोधरेची आजी छप्पन्न साली दीक्षा घ्यायला नागपूरला गेली होती. ती गेलीच नसती, तर आपलं नाव काय असतं, आपण शिकलो असतो का, हे यशोधरेनं लिहिलं. महेंद्रनं थेट फाळणीच रद्द केली. फाळणी नाही, म्हणून सिंधी निर्वासित नाहीत, म्हणून उल्हासनगर वसलंच नाही. उरल्या कॅम्प एक ते पाचमधल्या, महायुद्धाच्या वेळच्या लष्कराच्या ओस बराकी आणि तिथं यान उतरवणारा नायक. कल्पना फक्कड होती. या खेपेला बायकोच्या वर नंबर लागला पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

त्याचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, म्हणून फेअर करायचं काम नेहमीप्रमाणे यशोधरेकडे. लिहिता लिहिता ती थांबली.

"अहो, तुमचा नायक कॅम्प चारच्या नाक्यावर दाल-पकवान खातोय."

"मग? भूक लागली त्याला."

"पण सिंधी आलेच नाहीत ना? मग दाल-पकवान बनवलं कोणी?"

महेंद्र म्हणजे लहानपणापासून रविवार उजाडला की त्या नाक्यावर खाणारा माणूस. सिंध्यांशिवायचा नाका त्याच्या डोक्यात येणार कसा? चूक धडधडीत होती. पण ती दाखवली कोणी, तर यशोधरेनं! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एक गोष्ट काय छापून आली, लगेच मास्तरीण झालीस? आहे तसं लिही. एक शब्द इकडचा तिकडं नको."

तिनं मान खाली घातली आणि लिहीत राहिली.

निकालाच्या दिवशी दुसरं बक्षीस यशोधरेला जाहीर झालं, तेव्हा महेंद्रला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण पहिलं त्याचंच निघालं! तो ताठ मानेनं स्टेजवर गेला. परीक्षक शिवराम सर माईकवर म्हणाले, "यान-बिन सोडा, ही कथा एका जागेसाठी जिंकली. ऐका." आणि त्यांनी वाचलं, "का कोण जाणे, त्याची पावलं कॅम्प चारच्या नाक्यावर थांबली. तिथं नुसतं गवत होतं. कधी न चाखलेल्या कशासाठी तरी त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि आपण कोणाची वाट बघतोय ते त्याला कळेना."

टाळ्यांचा कडकडाट झाला. असं वाक्य महेंद्रनं जन्मात लिहिलं नव्हतं. हातात पहिलं बक्षीस होतं आणि तो जळत होता. हरतानाही कधी इतका जळला नव्हता.

"कसं सुचलं हो?" सरांनी विचारलं.

"असंच," तो म्हणाला. "सुचलं."

खाली यशोधराही टाळ्या वाजवत होती.

परतीच्या बसमध्ये अंबरनाथ मागे पडलं, तसा तो पुटपुटला, "का बदललंस? राहू दिलं असतंस, तर पहिला नंबर तुझा होता."

"माझा पहिला आला असता आणि तुम्ही हरला असता, तर घरी काय घडलं असतं," यशोधरा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ती गोष्ट मी मनात शेवटापर्यंत लिहून बघितली होती."