भिंतीलगतचा पाला

बेलापूरला आमचं बैठं घर डोंगराच्या पायथ्याशी होतं. मागच्या अंगणाची भिंत संपली की झाडी सुरू. गॅसला तेव्हा नंबर लावून बसावं लागायचं, म्हणून साताऱ्याला माहेरी पेटवायचो तसा मी मागे अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायचे. झाडीतला वाळका पाला फुकटचा! रोज पाटीभर आणून भिंतीलगत रचायचे. आपल्या काटकसरीचा केवढा तोरा मला.

एका सकाळी लेकीची वेणी घालताना कानामागे शेंगदाण्याएवढं काहीतरी हाताला लागलं. बघते तर गोचीड! रक्त पिऊन टम्म फुगलेला. अगं आई गं! मी अशी किंचाळले की शेजारची आजी धावत आली.

"आमच्या मेल्या कुत्र्यानंच आणलाय," मी म्हणाले. कुत्रा दिवसभर लेकीला चिकटून असायचा.

आजी इथल्या जुन्या गावातली. म्हणाली, "कुत्र्याला कशाला बोलतंस बाय? त्यो पाल्याचा ढीग हाय ना, त्यो काढ आदी."

आता ही मला शिकवणार! माझं डोकंच फिरलं. त्याच दुपारी नवऱ्याला टेम्पो आणायला लावला. म्हटलं, याला लांब तिकडे द्रोणागिरीच्या बाजूला सोडून या. कुत्रा चढेना. मीच मानगूट धरून त्याला आत ढकललं. लेक रडून रडून लाल झाली, तरी मी ऐकलं नाही.

आठवड्याने एका सकाळी बंबासाठी पाला उचलला आणि हातावर कोपरापर्यंत काहीतरी वळवळलं. गोचीडच गोचीड! हातातला पाला टाकून आत धावले, लेकीचा फ्रॉक वर केला. पोटावर तीन. कुत्रा नाही, म्हणून ते आता माझ्या पोरीवर चढत होते. आणि त्यांना घरात मीच आणून पोसलं होतं, पाटी भरभरून!

नवऱ्याने कामावर दांडी मारली. ढीग लांब मोकळ्यावर नेऊन जाळला, गवत कापलं, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवल्या, झाडीच्या बाजूला खडीचा पट्टा टाकला. आजी आपल्या दारातून बघत होती. हळूहळू गोचीड दिसेनासे झाले.

कुत्र्याला परत आणायचं ठरवलं, पण तो सापडेना. तीन रविवार नवरा द्रोणागिरीला जाऊन हाका मारत फिरला. चौथ्या रविवारी एका गोदामाच्या फाटकाशी सापडला, नुसती हाडं उरलेली. जनावरांच्या डॉक्टरांकडून गोचिडांचं औषध लावूनच त्याला घरी आणलं.

लेकीला बघताच त्याने टेम्पोतून उडी मारली, तिचं तोंड चाटून काढलं. मी "ये रे बाळा" म्हणत हात पुढे केला. तो शेपूट पायात घालून तिच्यामागे दडला.

"आई," लेक म्हणाली, "तू लांब हो ना."