चाचांनी जमवलेली फेलोशिप

छावणी भागातल्या माझ्या घरमालक चाचांइतका जमवाजमवीचा नाद असलेला माणूस साऱ्या संभाजीनगरात सापडणार नाही. अत्तराचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून चाचा फक्त लग्नं जुळवायचे. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्यानं राहत होते. एमबीबीएसची इंटर्नशिप संपत आली होती आणि पुढं काय, हे कळत नव्हतं. लगेच पीजीची परीक्षा द्यावी की आधी वर्षभर फेलोशिप घेऊन संशोधन करावं? एक सिनियर जे सांगायचा, त्याच्या नेमकं उलट दुसरा सांगायचा. गावाहून माझे वडील, अण्णा, फोनवर म्हणायचे, "मधी वरीस गेलं की लोक नापासच समजतेत." डोकं पार भंजाळलं होतं. चाचांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वो सब ठीक है बेटा. घर कैसा है उनका?"

तेव्हापासून माझी प्रत्येक फेलोशिप म्हणजे एक स्थळ झालं. मी जाहिराती वाचायचे, चाचा चौकशा करायचे. तिथल्या मॅडम चिडक्या आहेत का, आधीची पोरं का सोडून गेली, जेवायला वेळेवर सोडतात का. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत तर त्यांनी आपला जावईच चहा प्यायला पाठवला. त्याचा निरोप आला, मॅडम चिडक्या आहेत, पण तिथला शिपाई रिटायर होईपर्यंत टिकला. "मग घर चांगलं आहे," चाचा म्हणाले, आणि मी तिथंच अर्ज केला. दुसरं काही सुचतच नव्हतं.

मुलाखत व्हिडिओवर होती. मुलीला एकटीला दाखवतात का, म्हणून चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून माझ्या शेजारी बसले. मॅडमनी विचारलं, "संख्याशास्त्र कितपत येतं?" मी म्हणाले, "बऱ्यापैकी." चाचा पुढं वाकले. "नाय मॅडम. बच्ची हुशार आहे, पण हिसाब बिलकुल येत नाय. बाकी एक ऐब नाय." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. नंतर मी रडकुंडीला येऊन भांडले, तर ते म्हणाले, "ऐब आधी सांगायचा, बेटा. बाद में निकला तो घर टूटता है."

मॅडमनी मला घेतलं. पहिला महिना फक्त संख्याशास्त्र शिकायचं, अशी अट घातली. चाचांमुळं घेतलं की चाचा असूनही घेतलं, हे मला आजवर उमगलेलं नाही. मग अण्णा आले, मला परीक्षेच्या क्लासला घालायचं असं ठरवूनच. चाचांनी त्यांना चहा दिला. "साल भर अच्छे घर में जा रही है, पाटील. मी बघून दिलंय." मला कित्येक महिने जे समजावता आलं नाही, ते अण्णांना एका कपात समजलं. त्यांनी एवढंच विचारलं, "माणसं बरी हायेत ना?"

आता मी पुण्यात आहे. मॅडम खरंच चिडक्या आहेत. ईदेला फोन केला, तर चाचांनी दोन शब्दांत दुआ दिली आणि फोन चाचींकडं दिला. एरवीही ते बोलायचं टाळतात. मला लागलं ते. चाचींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जमवून देणाऱ्यानं पोरीच्या घरात सारखं डोकावू नये, असं ते म्हणतात. फिर बच्ची का दिल उधर नहीं लगता." माझं मन इथं लागलंय, कामही जमतंय. तरी त्यांनी एकदा फोनवर येऊन माझ्याशी चार वाक्यं बोलावीत, असं फार वाटतं.