सदाशिव गुरुजींचा पाठांतराचा वर्ग

सदाशिव गुरुजींना वाईट म्हणणारा माणूस आमच्या वैजापूर तालुक्यात तुम्हाला सापडणार नाही. मलाही गेल्या वर्षापर्यंत सापडला नसता. आता त्यांचं नाव काढलं की चीड येते, आणि त्यातली निम्मी चीड स्वतःवरचीच आहे. त्यांना शेंद्र्याच्या आमच्या कारखान्यात मीच आणलं.

गुरुजी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं होते. साहेब तपासणीला येणार म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. आठ दिवस आधीपासून उत्तरं घोकून घ्यायचे. साहेबांनी प्रश्न टाकला की साऱ्या वर्गानं हात वर करायचा. येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. उठवायचं कुणाला ते गुरुजीच ठरवायचे. अगदीच ढ पोरांना त्या दिवशी घरी बसून ताप यायचा. मला दोनदा आला. शाळेला बक्षीस मिळालं, गावानं फटाके उडवले, आणि हे सगळं लबाडीचं आहे असं एकाही माणसाच्या मनात आलं नाही.

निवृत्तीनंतर ते शहरात, औरंगपुऱ्यात मुलीकडे राहायला आले. मी तोवर या कारखान्यात कामगारांचं बघणारा अधिकारी झालो होतो. आम्ही मोटारींच्या वायरी जोडतो. जोडणाऱ्या चाळीस मुली धडगावकडच्या, सांडू ठेकेदारानं आणलेल्या. राहणं कारखान्यामागच्याच खोल्यांत. आल्या दिवशीच सांडूनं त्यांची आधार कार्डं ‘हरवतील’ म्हणून काढून घेतली आणि माझ्या कपाटात ठेवली. माझ्या सहीच्या पासाशिवाय फाटक उघडत नाही, आणि सांडूला विचारल्याशिवाय मी सही करत नाही. काम संपेपर्यंत एकीनंही पळू नये, एवढाच याचा अर्थ. तो मला पहिल्या दिवसापासून कळत होता. घरी माझीही मुलगी आहे, पण पगार खाताना ती आठवत नाही.

आमचा माल घेणारी कंपनी मोठी, तिचे नियम त्याहून मोठे. पुरवठादाराकडे कुणाला डांबून ठेवलेलं नसावं, कुणाचे कागद अडकवलेले नसावेत. ते तपासायला वर्षातून एकदा माणूस येतो. या नियमांचा बोर्डच आमच्या दारात लावलाय, चार रंगांत. वरून कीर्तन, आतून तमाशा.

मालकांनी विचारलं, मुलींची तयारी कोण करून घेईल? माझ्या तोंडून गुरुजींचं नाव गेलं.

गुरुजी आले ते स्वतःचा फळा घेऊन. आठ दिवस रोज पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये वर्ग. डबा घरचा, आमचा चहासुद्धा घेतला नाही. मानधनाचं पाकीट मी पुढं केलं तर हात जोडले. म्हणाले, “विद्यादान विकायचं नसतं, सुदर्शन.”

मला त्या क्षणी थुंकावंसं वाटलं. पैसे घेतले असते तर बरं वाटलं असतं.

आधार कार्ड कुठं आहे? माझ्याजवळच असतं. घरी जायचं असलं तर? मी कधीही जाऊ शकते. चाळीस मुली पाढे म्हणाव्यात तशा एका सुरात म्हणायच्या. त्या दुसऱ्या उत्तराला एकदा एक मुलगी फिस्सकन हसली. गुरुजींनी तिला वर्ग सुटेपर्यंत उभं ठेवलं, आणि प्रेमानं समजावलं की बाळ, हसल्यानं कारखान्याची अब्रू जाते.

सगळ्यात चोख पाठांतर सरिताचं. ती बारावी झालेली. तिच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनिसाच्या जागेसाठी तिचं नाव लागलं होतं आणि सोमवारी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं. नाही गेली तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला. तीन वेळा ती माझ्याकडे कार्ड मागायला आली. तिन्ही वेळा मी म्हणालो, तपासणी होऊ दे. तपासणी शनिवारी होती, आणि त्यानंतरही सांडू तिला सोडणार नव्हता हे मला माहीत होतं. गुरुजींना तिनं सांगून पाहिलं. त्यांनी तिला वर्गाची मॉनिटर केलं.

शनिवारी सकाळी कार्डं वाटली. ज्या सहा जणींचं पाठांतर कच्चं होतं त्यांना सांडूच्या माणसाबरोबर गाडीत घालून वेरूळची लेणी दाखवायला पाठवलं. ही युक्ती गुरुजींचीच. ताप आता कुणी खरा मानत नाही, म्हणाले.

तपासायला कंपनीकडून वैदेही मॅडम आल्या. चौतीस मुलींनी चौतीस वेळा तीच उत्तरं दिली, आणि बाई समाधानानं लिहीत राहिल्या. एकसारख्या उत्तरांचा एवढ्या शिकलेल्या बाईला वास कसा आला नाही, देव जाणे. मग बाहेर खुर्च्या टाकून चहा झाला. तेवढ्यात सरिता खांद्याला पिशवी लावून थेट त्यांच्या खुर्चीपुढं येऊन उभी राहिली.

“मॅडम, माझं आधार कार्ड माझ्याजवळच असतं. मी कधीही घरी जाऊ शकते. मी आता जाते.”

ती बोलत होती आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या गुरुजींचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. सवय.

मॅडम हसून म्हणाल्या, मग जा की, मला काय विचारतेस. फाटकावरच्या माणसानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. चांगुलपणानं नाही, मॅडम बघत होत्या म्हणून. सरिता मागं न बघता रस्त्याला लागली, आणि मॅडमनी तेही आमच्या बाजूनं लिहून घेतलं.

त्यांची गाडी वळल्याबरोबर सांडू गुरुजींवर घसरला. “लई शिकवलं की वो गुरुजी तुम्ही तिला.” गुरुजींनी चष्मा पुसला. उत्तरात एक शब्द चुकला नाही, एवढंच म्हणाले, आणि हजेरी घ्यावी तशी नावं पुकारायला लागले. मुली रांगेनं येऊन माझ्या हातात कार्डं देत होत्या.

रांगेत शेवटी मुक्ता होती, त्या दिवशी वर्गात हसलेली. तिनं खालच्या आवाजात विचारलं, “सर, पुढची तपासणी कधी आहे?”

“वर्षानं,” मी म्हणालो. कार्ड तिनं घट्ट धरलं होतं. मला ते ओढून घ्यावं लागलं.