पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक: ती सकाळच्या बोटीनं, मी दुपारच्या

अंदमानला जायचं मी चौथीत असताना ठरवलं आणि तिकीट त्रेसष्टाव्या वर्षी काढलं. मधली वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांसाठीचे नमुने, करण्यात गेली.

चौथीच्या पुस्तकात समुद्राची एक कविता होती आणि तिच्यावर होडीचं चित्र. होडी एका बेटावरून दुसऱ्या बेटाकडं निघालेली. अशी बेटं अंदमानात असतात, असं गुरुजींनी सांगितलेलं. आमच्या कोडोलीच्या शाळेत समुद्र कुणीच पाहिला नव्हता, गुरुजींनीसुद्धा. ते सांगायचे, पुरातली वारणा डोळ्यांपुढं आणा आणि तिचा पलीकडचा काठ पुसून टाका. मी पुसून टाकला, तो कायमचाच. पुढं रत्नागिरी पाहिली, मालवण पाहिलं, पण सगळं काठावरून. बोटीत बसून या बेटावरून त्या बेटावर जायचं राहिलंच होतं.

फेब्रुवारी २००८ मध्ये तो योग आला. बरोबर अर्थातच आमच्या सौभाग्यवती, मंजिरी. हे नाव मी ठेवलेलं. माहेरचं नाव नीलव्वा. गडहिंग्लजच्या पलीकडचं गाव, घरात सगळी कानडी. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नाव लिहितात, तेव्हा कवितेतलं म्हणून मी मोठ्या हौसेनं 'मंजिरी' लिहिलं. मुलं लहान असताना आणखी एक सांगितलं, घरात कानडी नको, पोरांची मराठी बिघडते. तिनं ऐकलं. मुलं मोठी झाली, आपापल्या संसाराला लागली, पण ते सांगणं मागं घ्यायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

तिला या सहलीचा उत्साह नव्हता. पाणी बगायला एवढ्या लांब कशाला, पंचगंगा हाय की, एवढंच म्हणाली आणि शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली.

जाणाऱ्यांसाठी मार्ग लिहितो. कोल्हापूरहून रेल्वेनं बेंगळूर, तिथून रेल्वेनंच चेन्नई, आणि चेन्नईहून विमानानं दोन तासांत पोर्ट ब्लेअर. चेन्नईहून जहाजही जातं, पण तीन दिवस लागतात आणि आमच्या वयाला ते सोसत नाही. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. पोर्ट ब्लेअरच्या बाजारात इडली-डोसा पोटभर मिळतो, चहा मात्र कपाच्या तळाशी शोधावा लागतो. सेल्युलर जेल पाहायला अर्धा दिवस ठेवा.  मोबाईल इथं सरकारी कंपनीचाच चालतो. माझा विमानातून उतरल्यापासून मुका होता, आणि तिच्याकडं तर नव्हताच.

हॅवलॉक बेटावर जाणाऱ्या सरकारी बोटीचं तिकीट आदल्या दिवशीच काढावं लागतं. खिडकीवर रांग मोठी असते, पण बायकांची रांग वेगळी आणि लहान, म्हणून मंजिरीला उभं केलं. माणशी दीडशेच्या आसपास पडले. बोट सकाळी सव्वासहाची. तिकडं साडेपाचलाच उजाडतं, त्यामुळं लवकर उठल्याचं दुःख होत नाही.

आता चूक सांगतो.

आमच्या तिकिटावर सीटचा नंबर नव्हता. बोटीत शिरल्या शिरल्या मी खिडकीजवळच्या दोन जागा बघितल्या, एकीवर मंजिरीला बसवलं आणि दुसरीवर माझा टॉवेल टाकला. आयुष्यभर एसटीत हेच केलं. कोल्हापूरच्या स्टँडवर टॉवेल पडला की ती जागा तुमची. मग खाली उतरा, चहा घ्या, कंडक्टरला एवढंच सांगा, "मास्तर, आलोच." तो थांबतो. ड्रायव्हर दोनदा-तीनदा हॉर्न मारतो, त्याचा अर्थ चहा संपवा असा. शेवटी कंडक्टर कँटीनच्या दारातून, चला की पावणं, म्हणून हाक मारतो, आणि मग गाडी सुटते.

मंजिरीची रक्तदाबाची गोळी चहाबरोबर असते, हे निमित्त झालं. खरं कारण वेगळं. बोटीत बसल्यावर बोट दिसत नाही, आणि मला ती पुस्तकातल्या चित्रासारखी समोरून, नाकाकडून पाहायची होती. बोटीत चढायच्या फळीशी एक खलाशी उभा होता. त्याला म्हटलं, दो मिनट में आया. त्यानं मान हलवली. ती होकाराची होती असं मी धरलं.

गेटजवळच्या टपरीवर चहा सांगितला आणि बोटीकडं बघत राहिलो. पांढरा रंग, खाली गंजाचे ओघळ, नाकाचा बाक इतका सुरेख की पॅटर्न करणारा माणूस नुसता बघत बसेल. ती कविता अजून पाठ आहे का ते मनात म्हणून पाहिलं. पहिली चार कडवी आली. पाचव्याला अडलो तेवढ्यात भोंगा झाला. मी पहिला हॉर्न म्हणून सोडून दिला. मंजिरीचा चहा प्लास्टिकच्या कपात घेतला, सुटे पैसे घेतले आणि चालत निघालो. चालत. पळावं असं मनातसुद्धा आलं नाही.

जेटीच्या कडेला पोचलो तेव्हा फळी काढलेली होती आणि बोट नि मी यांच्यात तीन-चार फूट पाणी होतं. बघता बघता ते दहा फूट झालं.

मंजिरी वर कठड्याला धरून उभी होती. तो खलाशी तिच्याशेजारीच दोर गोळा करत होता. मी हातवारे केले, ओरडलो, कप कुठं पडला कळलं नाही. ती माझ्याकडंच बघत होती. तिनं हाक मारली नाही की हात हलवला नाही. भीतीनं तिची वाचाच गेली असणार, असं मला वाटलं.

 दोन्ही तिकिटं माझ्या खिशात, गोळ्या माझ्या खिशात, हॉटेलचा पत्ता माझ्या डोक्यात. हिंदी तिला सिरियलपुरती. गडहिंग्लजच्या एसटीशिवाय ही बाई एकटी कशात कधी बसलेली नाही, आणि मी तिला भर समुद्रात एकटी सोडली होती.

खिडकीवरचा कारकून बंगाली होता. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाबा, यह जहाज है. बस नहीं है." पुढची बोट दुपारी दोनला. वायरलेसवरून सांगा म्हटलं तर म्हणाला, ते असल्या कामाला नसतं. पण माणूस वाईट नव्हता. पलीकडच्या जेटीवर फोन लावतो म्हणाला आणि मला आत बाकावर बसवलं. फोन लागेना. नऊला लागेना, दहाला लागेना. बोट पोचून गेली असणार, ती उतरली असणार, उन्हात कुठंतरी उभी असणार. मी घड्याळाकडं बघत तिच्या चुकलेल्या गोळीचा हिशेब करत होतो.

अकराच्या सुमारास फोन लागला. कारकुनानं विचारलं, एक बूढ़ी औरत, अकेली, महाराष्ट्र की. पलीकडचा माणूस कुणाला तरी विचारून आला. कारकुनानं फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता सांगितलं, "अकेली कोई औरत नहीं उतरी."

माझ्या डोक्यात जे जे आलं ते इथं लिहीत नाही. समुद्र खिडकीतून दिसत होता. मी बाकावरच वळून भिंतीकडं तोंड करून बसलो.

दोनची बोट निघाली. अडीच तासांचा प्रवास. वाचणाऱ्यांना त्याचं वर्णन हवं असणार, पण माझ्याजवळ ते नाही. ज्या समुद्रासाठी पन्नास-पंचावन्न वर्षं काढली, तो ओलांडताना मी एकदाही मान वर केली नाही. समोरच्या बाकाच्या पाठीवर सोललेला हिरवा रंग होता, तेवढा आठवतो.

हॅवलॉकची जेटी लांब आहे. उतरलो तो धावतच सुटलो. मिशीवाल्या पोलिसाला विचारायला तोंड उघडलं आणि पलीकडून हसणं ऐकू आलं. ओळखीचं वाटलं, पण कुणाचं ते चटकन कळेना, कारण असं मोकळं हसणं आमच्या घरात मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

झाडाखाली बाकावर मंजिरी बसली होती. चपला बाजूला काढलेल्या, लुगड्याचा काठ गुडघ्यापर्यंत ओला, पायांना वाळू, हातात शहाळं. शेजारी चाळिशीची एक बाई. दोघी कानडीत इतक्या भरभर बोलत होत्या की मी पुढ्यात उभा राहिलो तरी वाक्य पुरं केल्याशिवाय थांबल्या नाहीत.

"आलासा व्हय," मंजिरी म्हणाली. "जेवलासा का?"

ती बाई बेळगावकडच्या बैलहोंगलची, इथल्या दवाखान्यात नर्स. रजा संपवून सकाळच्या बोटीनं कामावर परत येत होती. बोटीत तिकीट विचारायला आले तेव्हा तिनंच सांगून टाकलं, ही माझी मावशी, तिकीट मागून येणाऱ्या काकांकडं आहे. दोघी हातात हात घालून उतरल्या. मग एकटी बाई कुणाला दिसणार? नर्सनं तिचा रक्तदाब मोजला, गोळी दिली, भात-सांबार जेवू घातलं, आणि दुपारी समुद्रात पाय बुडवायला घेऊन गेली. जेटीवर निरोप ठेवायला ती साडेअकराला आली होती, आमचा फोन होऊन गेल्यावर.

"काका, तुम्ही घाबरलात वाटतं," ती बेळगावी मराठीत म्हणाली. "नीलव्वक्का म्हणत होत्या, येतील ते, कुठं जातात."

नीलव्वक्का. हे नाव मी लग्नाच्या आधी एकदा ऐकलं होतं. नाव विचारल्यावर ही ते सांगते, हे मला आजवर माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंच राधानगर किनाऱ्यावर गेलो. जेटीवरून बस आहे, रिक्षाही मिळते, परत यायची वेळ मात्र आधी ठरवून घ्या. वाळू पिठासारखी आहे. तिथं बसल्यावर मला राहवेना. विचारलं, घाबरलीस होय, हाक का मारली नाहीस? तो खलाशी शेजारीच होता, त्याला सांगितलं असतंस तर बोट थांबवली असती त्यानं.

"व्हता की," ती म्हणाली. "त्यानं इचारलं बी. तुमच्याकडं बोट करून. तुमचा मानूस हाय का म्हनून."

"मग?"

"मी न्हाय म्हनलो."

आमच्याकडं बायका अशाच बोलतात, मी आलो, मी गेलो. पण त्या तीन शब्दांनी मी वाळूत खिळलो. ती वाळूवर बोटानं रेघा ओढत होती.

"दोन तास तर हाईत, म्हनलं. मागनं येतीलच. न्हायतर कवा गेलतो मी एकटी?" रेघा पुसून म्हणाली, "तुम्ही तितनं लई बारीक दिसत व्हतासा."

राग यायला हवा होता. आला नाही. सकाळभर बाकावर बसून जे माणूस मी हरवलं असं समजत होतो, ते हरवलेलं नव्हतंच. ते स्वतःहून गेलं होतं. चाळीस वर्षं जिला मी हाताला धरून रस्ता ओलांडायला लावला, ती हात कधी सुटतोय याची वाट बघत होती का? हे विचारायचं धाडस झालं नाही. तिनं विचारलं, चहा घ्यायचा का. आम्ही घेतला.

परतीच्या बोटीत तिनं खिडकी घेतली. टॉवेल मी गळ्यातच ठेवला आणि पोर्ट ब्लेअर येईपर्यंत तिच्याकडं बघत बसलो.

कोल्हापुरात येऊन आता महिना होत आला. शेजारीपाजारी येतात, समुद्र कसा होता विचारतात. पूर्वी असं कुणी विचारलं की उत्तर मी द्यायचो, ती चहा आणायची. आता चहा मी ठेवतो. ती बोटीचं सांगते, नर्सचं सांगते, त्या नर्सची सासू कशी आहे तेसुद्धा सांगते. शेवटी कुणीतरी विचारतंच, आणि हे? तेव्हा म्हणते, "हे मागनं आले." तिच्या सगळ्या हकिगतीत मी एवढाच आहे. रविवारी नर्सचा फोन येतो आणि अर्धा तास घरात कानडी चालते. मी शेजारच्या खोलीत पेपर धरून बसतो. मला त्यातला 'यजमान्रु', म्हणजे नवरा, एवढा एकच शब्द कळतो, आणि तो आला की ती हसते.

हे लिहायला बसलो आणि अडलो. बोटीच्या प्रवासाबद्दल लिहायचं आणि बोटीतून समुद्र कसा दिसतो तेच मला ठाऊक नाही. काल तिला वही-पेन घेऊन विचारलं. ती जोंधळे निवडत होती. सांगितलं ते जसंच्या तसं उतरवतो.

"सकाळचं पानी निळं नसतंय. काळं असतंय, दौतीतल्या शाईगत. बेट जवळ आलं की हिरवं हुतंय. मधीच मासं उडत्यात. सुपातनं जोंधळं उडावं तसं उडत्यात आनि परत सुपातच पडत्यात. डाव्या अंगाला बसायचं, ऊन लागत न्हाय." मग माझ्या वहीकडं बघून म्हणाली, "एवढंच लिवा. तुमच्या पदरचं काय घालू नगासा."